मापाड्याची मुलगी

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते.
एक कधी म्हणायचे नाहीत.
लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार,
काट्यावरून पोतं उतरेपर्यंत आकडा लांबवत.
शाळेत बाईंनी पाटीवर एक काढला
नि विचारलं, हा कोण?
मी म्हटलं, लाभ.
वर्ग हसला.

आता मी तर्कशास्त्र शिकवते,
तासिका तत्त्वावर.
म्हणजे तासाला इतके,
जूनचं बिल दिवाळीनंतर,
मे महिना कुणाचाच नाही.

त्याच मे महिन्यात प्राचार्यांनी मीटिंग लावली:
माणशी पंधरा ॲडमिशन.
टार्गेट म्हणताना त्यांनी खाली पाहिलं.
तेही एकेकाळी इतिहास शिकवायचे,
पानिपत सांगताना तास संपल्याचं कळायचं नाही, म्हणतात.

मग हेरवाडे सरांची स्कूटर,
मागे मी, मांडीवर माहितीपत्रकं.
मुखपृष्ठावर तीन मुली सूक्ष्मदर्शकात बघून हसतायत.
त्या आमच्या कॉलेजच्या नाहीत.
सूक्ष्मदर्शकही नाही.

समडोळीत भूपाल मगदूम डेअरीत दुधाची फॅट काढत होते.
पत्रक उलटंसुलटं केलं,
मग विचारलं, प्लेसमेंट किती?
मी म्हटलं, तर्कशास्त्रात विचार करायला शिकवतात.
नको बाई, ते म्हणाले, पोरगी आधीच लई वाद घालते.
आतून आवाज आला,
मी कधी घातला वाद?
मशीनवर आकडा आला: चार पूर्णांक एक.
मगदूम पहिल्यांदा हसले.

रात्री अण्णांना सांगितलं,
कॉलेजचा पार बाजार झालाय.
ते अडकित्ता खाली ठेवून म्हणाले,
बाजाराला नावं ठेवू नको. बाजारानं तुला शिकवलं.
हळकुंड मोडून बघायचे गं,
आतला रंग बघायचे, हुंगायचे,
मग रुमालाखाली हाताला हात.
मोडल्याशिवाय कुणी बोट दाबलं नाही.
तुमच्याकडं काय मोडून बघतात?

मला उत्तर आलं नाही.
आमच्याकडं चांदण्या देतात, अण्णा,
सत्राच्या शेवटी, मोबाइलवर, पाचपैकी.
गेल्या वर्षी एकानं लिहिलं:
मॅडम सारखं का, का विचारतात.
नोट्स वेळेवर देत नाहीत. फी भरली आहे.
तीन चांदण्या.
मी ते वाचून नोट्स छापल्या.
चाळीस पानं, प्रश्न कमी, उत्तरं जास्त.
पुढच्या सत्रात सव्वाचार मिळाल्या.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टात सूचनाफलकावर कागद लागला:
वीसच्या खाली असलेल्या तुकड्यांचा फेरविचार.
तर्कशास्त्र, अकरा.
फेरविचार शब्दाखाली कुणी पेन्सिलीनं रेघ मारली होती,
विचार पहिला कधी झाला, असं विचारल्यासारखी.
अक्षर ओळखीचं असतं तर बरं झालं असतं.
रेघेला अक्षर नसतं.

सोमवारी हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीचं व्याख्यान होतं,
मुलाखतीत कसं बसावं, हात कुठे ठेवावेत.
हजेरी सक्तीची, वर बटाटेवडा.
सगळे गेले.
मी खोली नंबर नऊ उघडून
खडूच्या डबीत खडू आहे का बघत होते,
तेवढ्यात दारात त्रिशला मगदूम.
दप्तर छातीशी, चपला भिजलेल्या,
समडोळीची एसटी उशिरा आलेली.

मॅडम, एकटीसाठी तास घ्याल?
बिलात लागेल ना?

हा दुसरा प्रश्न तिनं का विचारला,
कुणी तिला सांगितलं होतं,
माझ्यासाठी विचारला की स्वतःसाठी,
मी तिकडे गेले नाही.
नाहीतरी बिलात लागणार नव्हताच.
मस्टर उघडलं. अकरा नावं.
तिच्या नावापाशी बोट ठेवलं
आणि तोंडातून आपोआप निघालं,
लाभ.

ती बाकावर बसता बसता थांबली.
म्हणजे? तिनं विचारलं,
मी हजर म्हणू का?